चार मैल कमी पडले, तरी घर गाठलं

निवांत बसा. हातात वाती असतील, शेंगा असतील, निवडायची डाळ असेल, तर ते काम चालू राहू द्या. ऐकायला कान लागतात, हात मोकळेच असले पाहिजेत असं नाही.

आज आम्ही एका विमानवाल्या माणसाची गोष्ट घेऊन आलो आहोत. तुम्ही म्हणाल, आपलं आणि विमानाचं काय नातं? धुळ्याजवळ गोंदूरला, तिकडे शिरपूरला शिकाऊ विमानं घिरट्या घालतात, ती शेतात निंदणी करताना दिसतात. जळगावलाही विमानतळ आहे. लढाऊ विमान मात्र आपण २६ जानेवारीला टीव्हीवरच बघतो. एक रेघ उमटते, मोठा आवाज येतो आणि विमान दिसेनासं होतं.

हा विषय आम्ही का घेतला ते सांगतो. आमच्या गटाच्या एका बैठकीत एक ताई बोलल्या. त्यांचा मुलगा फौजेत आहे. त्या म्हणाल्या, "लढाईच्या गोष्टी सगळे सांगतात. घरी वाट बघणाऱ्या बाईची गोष्ट कोणी सांगत नाही. आणि माणूस परत आल्यावर पुढं काय, तेही कोणी सांगत नाही." त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. मग आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि हे बोलणं तयार केलं.

ज्यांची गोष्ट सांगणार आहोत त्यांचं नाव ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर. मराठी माणूस. २०२५ साली १० ऑगस्टला पुण्यात ते गेले. वय ८२ होतं. मागे पत्नी आणि दोन मुलगे. ते गेले तेव्हा भारतीय वायुसेनेने जाहीरपणे त्यांना मानवंदना दिली. असं काय केलं होतं त्यांनी?

ते सांगण्याआधी लढाऊ विमान चालवणं म्हणजे काय ते समजून घेऊ. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईंची आठवण काढावी लागेल. प्रतिभाताई पाटील. जन्म जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. त्या राष्ट्रपती असताना, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० या लढाऊ विमानात बसून उडाल्या होत्या. तेव्हा त्यांचं वय होतं ७४. नेहमी साडीत, डोक्यावर पदर असलेल्या आपल्या प्रतिभाताई त्या दिवशी वैमानिकाच्या पोशाखात होत्या. आपल्याकडे पन्नाशी उलटली की बाई म्हणते, आता माझ्याच्यानं काय होतंय! त्या वेळी हे उड्डाण आठवायचं.

त्या पोशाखाला जी-सूट म्हणतात. त्याची गंमत ऐका. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एस.टी. वळली की आपण शेजारणीच्या अंगावर जातो ना? विमान तर त्याच्या कितीतरी पट वेगात असतं. ते जोरात वळलं की माणसाचं अंग पाचपट, सातपट जड होतं. ५० किलोची बाई असेल तर तिला आपलं वजन साडेतीनशे किलो झाल्यासारखं वाटतं. हात उचलत नाही. रक्त सगळं पायाकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्धही जाते. ते होऊ नये म्हणून जी-सूटमध्ये रबरी पिशव्या बसवलेल्या असतात. दवाखान्यात बी.पी. बघताना दंडाला पट्टी गुंडाळून हवा भरतात, अगदी तसंच. पिशव्या फुगतात, पाय आणि पोट आवळतात, आणि रक्त डोक्यात टिकून राहतं. या रबरी पिशव्या लक्षात ठेवा. पुढे गोष्टीत त्या परत येणार आहेत.

तर परुळकर १९६३ साली वायुसेनेत अधिकारी झाले. दोनच वर्षांत, १९६५ मध्ये, पाकिस्तानशी लढाई झाली. एका मोहिमेत त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या आणि त्यांचा खांदा जखमी झाला. बरोबरच्या प्रमुखाने सांगितलं, विमान सोड, उडी मार. वैमानिकाच्या खुर्चीखाली स्फोटकं असतात. दट्ट्या ओढला की खुर्चीसकट माणूस विमानाबाहेर फेकला जातो आणि मग छत्री उघडते. त्याने जीव वाचतो, पण त्या झटक्याने पाठीचा मणका दुखावू शकतो, आणि विमान तर जातंच. परुळकरांनी उडी मारली नाही. तशा जखमी खांद्याने त्यांनी मोडकं विमान तळावर आणून उतरवलं. त्यांना वायुसेना पदक मिळालं.

मग आलं १९७१. तुमच्यातल्या ज्या आज साठी-सत्तरीच्या आहेत त्यांना ब्लॅकआऊट आठवत असेल. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, आणि रेडिओपाशी जमलेली माणसं. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. परुळकर तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट होते आणि सुखोई-७ हे विमान चालवत होते. प्रतिभाताई ज्यात बसल्या त्या सुखोईच्या घराण्यातलंच, पण जुनं, एका माणसाचं विमान. १० डिसेंबरला त्यांचं विमान पाकिस्तानच्या हद्दीत पाडलं गेलं. या वेळी त्यांना उडी घ्यावीच लागली. खाली उतरले ते शत्रूच्या मुलखात, आणि पकडले गेले.

त्या युद्धात पकडलेल्या आपल्या बारा वैमानिकांना रावळपिंडीच्या छावणीत ठेवलं होतं. १६ डिसेंबरला युद्ध संपलं, बांगलादेश स्वतंत्र झाला. आपल्याकडे पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी होते. पुढे जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला. तरी हे बारा जण आतच. आज सुटू, उद्या सुटू, असं करत महिने गेले.

इथे एक माहिती सांगून ठेवतो, कारण ती फौजेतल्या प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे. युद्धकैद्यांना कसं वागवायचं याचा १९४९ चा जिनिव्हा करार आहे. पकडलेल्या माणसाला घरी आपल्या ठावठिकाण्याचं कार्ड पाठवू द्यावं लागतं. महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यावी लागतात. थोडा मासिक भत्ता द्यावा लागतो. आणि कैद्याने पळून जायचा प्रयत्न केला म्हणून त्याला मारून टाकता येत नाही. जास्तीत जास्त ३० दिवसांची शिक्षा देता येते. पळून जाण्याचा प्रयत्न करणं हा सैनिकाचा गुन्हा मानत नाहीत.

परुळकरांच्या मनात पळून जायचं पक्कं होतं. त्यांच्याबरोबर तयार झाले दोघे, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. पण बहिणींनो, पळाले तिघे असले तरी काम केलं सगळ्यांनी, आणि आम्हाला हीच बाब फार आवडली. आपल्या गटात नाही का, कर्ज एकीच्या नावावर असतं, पण पाठबळ सगळ्यांचं असतं.

सामान काय काय जमवलं बघा. शाळेतल्या मुलांचा नकाशासंग्रह मिळवून त्यावरून नकाशा काढून घेतला. दिशा कळावी म्हणून होकायंत्र हवं, तर स्क्वाड्रन लीडर कामत यांनी सुईला चुंबकत्व आणून ते तयार केलं. कामतांचे पाय विमानातून उडी मारताना मोडले होते. त्यांना स्वतःला पळता येणार नव्हतं. तरी दुसऱ्यांची वाट चुकू नये म्हणून ते सुई घासत बसले. भत्त्यातले पैसे साठवले. स्थानिक लोकांसारखे पठाणी कपडे मिळवले. आणि पाण्यासाठी? जी-सूटमधल्या त्या रबरी पिशव्या! आकाशात रक्त डोक्यात धरून ठेवणाऱ्या पिशव्या जमिनीवर पाण्याच्या पखाली झाल्या. आपल्याकडे बाई जुन्या लुगड्याची गोधडी करते आणि गोधडी फाटली की तिचं पायपुसणं करते. तीच ही अक्कल.

खोलीची भिंत जाड होती. रात्री पहारेकऱ्याचा डोळा चुकवून एकेक वीट सैल करायची, सकाळी सगळं झाकून ठेवायचं, असं बरेच दिवस चाललं. एकाने खणायचं, दुसऱ्याने लक्ष ठेवायचं.

१२ ऑगस्ट १९७२ ची मध्यरात्र उलटत होती. वादळ सुटलं होतं, धूळ उडत होती. तिघे भोकातून बाहेर पडले, आवाराची भिंत ओलांडली. रस्त्यावर रात्रीचा सिनेमा सुटून लोक घरी चालले होते. त्या गर्दीत हे तिघे मिसळले. तिथून बसने पेशावर. पुढे टांग्याने, पायी आणि परत बसने, खैबर खिंडीच्या वाटेने लंडी कोतल या गावापर्यंत ते पोचले. १३ ऑगस्टची सकाळ उजाडली होती. पलीकडे अफगाणिस्तान. एकदा तिकडे पाय पडला की घरी जायला मोकळे. सरहद्द राहिली होती फक्त चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. बाजाराच्या गावाला आपण डोक्यावर पाटी घेऊन जातो, तेवढंच अंतर.

आणि तिथे फसलं. त्यांच्या माहितीप्रमाणे पुढे लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं. चहाच्या दुकानात त्यांनी त्याची वाट विचारली. पण ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलं होतं! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाचा रस्ता कोण विचारील? गावातला कोणी विचारणार नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत संशय आला. त्या दिवसांत पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने लपून अफगाणिस्तानात जात होते. हे तिघे तसलेच असावेत, असं तिथल्या लोकांना वाटलं. त्यांना तहसीलदारापुढे नेलं. तिघांनी सांगितलं, आम्ही पाकिस्तानी वायुसेनेतले शिपाई, सुट्टीवर आलोय. खोटी ख्रिस्ती-मुसलमान नावंही तयार होती. पण त्याचा विश्वास बसेना. झडती झाली, नकाशा, पैसे बाहेर आले. सरहद्दीवरचा तो मुलूख कडक. तिथे अनोळखी माणसाला गोळी घालायला फार विचार करत नसत.

त्या घडीला परुळकरांनी जे केलं ते डोकं शांत ठेवण्याचं उदाहरण आहे. त्यांनी सांगितलं, आमच्याविषयी खात्री करायची असेल तर स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावा. हे उस्मान कोण? रावळपिंडीच्या त्याच छावणीचे आधीचे प्रमुख! शत्रूचा अधिकारी, पण माणूस सरळ. कैद्यांशी त्याने माणुसकीने वागणूक ठेवली होती. फोन लागला, उस्मान यांनी ओळख पटवली, आणि तिघांचा जीव वाचला. ज्या तुरुंगातून पळाले, त्या तुरुंगाच्या माणसालाच त्यांनी साक्षीला बोलावलं. पळण्याचा बेत गेला, पण जीव राहिला. कुठे हट्ट धरायचा आणि कुठे सोडायचा, हे ज्याला कळतं तो खरा धीराचा.

परत आणल्यावर तिघांना एकांतवासाची शिक्षा झाली. मग सगळ्यांना लायलपूरच्या छावणीत हलवलं. त्या गावाला आता फैसलाबाद म्हणतात. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सरहद्दीवरून आपले वैमानिक चालत भारतात आले. जवळजवळ एक वर्ष झालं होतं.

आता कोणी म्हणेल, पळून काय मिळवलं? पकडलेच गेले की. थांबले असते तर साडेतीन महिन्यांत आपोआप सुटले असते. आमच्या गटातही हा वाद झाला. एक जण म्हणाली, उगीच जीव धोक्यात घातला. दुसरी म्हणाली, सुटका कधी होईल हे त्यांना आधी कुठे माहीत होतं? आपल्यालाही कुठे माहीत असतं? कपाशी लावताना भाव माहीत असतो का? आम्हाला वाटतं दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. या प्रयत्नावर पुढे फेथ जॉन्स्टन या बाईंनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'फोर माइल्स टू फ्रीडम', म्हणजे स्वातंत्र्यापासून चार मैलांवर. त्यावर हिंदी सिनेमाही निघाला.

पण बहिणींनो, आमची गोष्ट इथे संपत नाही. सिनेमा इथे संपतो. माणसाचं आयुष्य यापुढेच असतं.

हिशेब करा. परुळकर वाघ्यावरून परतले १९७२ मध्ये, आणि गेले २०२५ मध्ये. मधली ५२-५३ वर्षं. त्यात ते एक रात्र पळाले आणि एक सकाळ पकडले गेले. बाकीची सगळी वर्षं नोकरीची, संसाराची, म्हातारपणाची. परत आल्यावर त्यांनी नोकरी सोडली नाही. नव्या वैमानिकांना शिकवलं. पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएत, जिथे अठरा-एकोणीस वर्षांची पोरं अधिकारी व्हायला येतात, तिथे बटालियन कमांडर म्हणून काम केलं. विशिष्ट सेवा पदक मिळालं. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. बायको, दोन मुलगे, पुण्यातलं घर.

वैमानिकाच्या घरचं आयुष्य कसं असतं? दर दोन-तीन वर्षांनी बदली. पेट्या बांधा, पेट्या सोडा. पोरांची शाळा बदला, नवी भाषा शिका. सकाळी नवरा उड्डाणाला जातो, आणि ठरल्या वेळेला विमान उतरल्याचा आवाज आला नाही की कॉलनीतल्या सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहतात. कोणी काही बोलत नाही. युद्ध नसतानाही सरावात अपघात होतात. अशा घरात बाई भाजी चिरते, पोरांचा अभ्यास घेते, सण करते. तिला कोणी पदक देत नाही.

आणि ज्या घरी माणूस परतलाच नाही, त्या घराचं काय? याच लढाईतली दुसरी गोष्ट ऐका. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. हेही सुखोई-७ चेच वैमानिक. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानात पडलं. त्यांची पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच सुमारास पाकिस्तानच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली. त्यात 'टोंबे' असं एक नाव होतं. दमयंतीताईंनी त्या एका नावावर आशा धरली. ते बारा वैमानिक वाघ्यावरून आले तेव्हा त्यांत विजय तांबे नव्हते.

दमयंतीताईंनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात खेळ विभागात नोकरी केली आणि चौकशी चालू ठेवली. पत्रं लिहिली, मंत्र्यांना भेटल्या, बाकीच्या घरांना गोळा केलं. असे बेपत्ता सैनिक ५४, असा आकडा सरकारने संसदेत दिला होता. २००७ साली या घरांतले १४ जण पाकिस्तानातल्या तुरुंगांमधून आपली माणसं शोधायला गेले, त्यांत दमयंतीताई होत्या. कोणी सापडलं नाही. असे कैदी आमच्याकडे नाहीत, असं पाकिस्तान कायम म्हणत आलं.

एकाच युद्धातले, एकाच जातीच्या विमानातले, दोन मराठी वैमानिक. एकाच्या घरी तो परतला, पोरंबाळं झाली, म्हातारपण आलं. दुसऱ्याच्या घरी फोटोतला माणूस पंचविशी-तिशीतच राहिला. दोघांच्या शौर्यात फरक नव्हता. फरक होता तो नशिबाचा. म्हणून परतलेल्या माणसाची प्रत्येक साधी संध्याकाळ, चहा घेत पेपर वाचणं, नातवंडावर ओरडणं, हेसुद्धा मोलाचंच.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या जळगाव-धुळ्यात गावोगाव फौजी आहेत. वैमानिक नसतील, जवान, हवालदार, सुभेदार आहेत. ३५-४० व्या वर्षी पेन्शनीत येतात. पंधरा-वीस वर्षं बाईने घर, शेत, सासू-सासरे, पोरं एकटीने सांभाळलेली असतात. मग एके दिवशी तो ट्रंक घेऊन कायमचा येतो. सगळ्यांना आनंद. सहा महिन्यांनी कुरबूर. तो म्हणतो घरात शिस्त नाही. ती म्हणते, इतकी वर्षं कोणी चालवलं? पोरांना बाप म्हणजे सुट्टीतला पाहुणा माहीत, रोजचा बाप माहीत नाही. आमच्याकडची एक बहीण आपल्या अहिराणीत बोलली, "ते घर उनात, पन त्यासनं मन तठेच राही गयं." रात्री दचकून उठायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. हिला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. चुकत कोणाचंच नव्हतं. जे बघून आले ते सांगायला माणूस नव्हतं, आणि विचारायची हिला भीती वाटायची.

परुळकरांचे सोबती होते, पुस्तक लिहायला लोक आले, सिनेमा निघाला. त्यांची गोष्ट ऐकून घेतली गेली. आपल्या गावातल्या हवालदारकाकांना कोणी विचारलं? म्हणून आमची पहिली विनंती. घरात, गल्लीत जो कोणी निवृत्त फौजी असेल त्याला एकदा निवांत विचारा. "तुम्ही कुठे कुठे होतात? थंडी कशी होती? जेवायला काय मिळायचं? सोबती कोण होते?" लढाईचं एकदम विचारू नका, ते आपणहून येईल तेव्हा येईल. आणि त्यांच्या बायकोलाही विचारा, "तेव्हा तू इथे काय काय केलंस?" दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ऐकल्या की घरातला अर्धा राग उतरतो. फार दचकणं, फार दारू, आठवडे आठवडे न बोलणं असं असेल तर ते दुखणं आहे. त्याला डॉक्टर असतो. माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचे दवाखाने आहेत, तिथे दाखवायला लाजायचं नाही.

दुसरी विनंती कागदांची. दमयंतीताई शिकलेल्या होत्या, नाव असलेल्या होत्या, तरी त्यांना दारोदार फिरावं लागलं. आपली बाई तर कागदात चुकली की लगेच अडते. तेव्हा फौजीच्या घरातल्या बाईने नवरा धडधाकट असतानाच चार गोष्टी बघून घ्यायच्या. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद त्याच्या युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये झाली आहे का? त्याच्या पेन्शनच्या कागदात, ज्याला पीपीओ म्हणतात, त्यात तुमचं नाव आहे का? ते नाव आणि आधार कार्डावरचं नाव सारखं आहे का? माहेरचं एकीकडे, सासरचं दुसरीकडे, असं झालं की कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. बँकेचं खातं जोडखातं आहे का? पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो कोणी, कुठे दिला हे तुम्हाला माहीत आहे का? काही अडलं तर जळगावला आणि धुळ्याला, दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जाऊन विचारायचं. एकटीने जायला संकोच वाटला तर गटातली एक जण सोबत घ्या.

या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून ठेवा. आणि ती पिशवी कुठे आहे ते मोठ्या लेकीला सांगून ठेवा. हे अशुभ बोलणं नाही. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो ते पाऊस घरात यावा म्हणून शाकारतो का?

एक गोष्ट सांगून थांबतो. पूर्वी लढाऊ विमान बायकांना चालवू देत नसत. २०१६ साली १८ जूनला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तीन मुली आपल्या वायुसेनेच्या पहिल्या लढाऊ वैमानिक झाल्या. म्हणजे आता विमानात बाई बसेल आणि घरी वाट बघणारा तिचा नवरा, तिचा बाप असेल. वाट बघणं किती अवघड काम आहे ते पुरुषांनाही कळेल. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या पोरीने "मी विमान चालवीन" असं म्हटलं तर हसू नका. तिला गणित नीट करायला सांगा, आणि मैदानावर जाऊ द्या.

आता गटात बोलायला तीन प्रश्न ठेवतो. पहिला, परुळकरांच्या जागी तुम्ही असतात तर पळाला असतात की थांबला असतात? दुसरा, कामतांसारखं, आपल्याला फायदा नसताना दुसरीची वाट सोपी केली, असं आपल्या गटात कोणी केलं आहे का? तिचं नाव घेऊन सांगा, ती समोर असतानाच सांगा. तिसरा, आपल्या गावात निवृत्त सैनिकांची आणि वीरपत्नींची घरं किती? त्यांची यादी आपल्याकडे आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीआधी करून ठेवा.

आणि त्यांच्यातल्या एखाद्या जोडप्याला आमच्याकडे बोलायला पाठवा. दोघांनाही पाठवा. माईक दोघांपुढे ठेवू.

राम राम.